मान आधी, यश मागाहून

१८९९ च्या कार्तिकात कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज पंचगंगेवर स्नानाला गेले, तेव्हा पुरोहित वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणत होते. सोबत असलेल्या राजारामशास्त्री भागवतांनी ही गोष्ट महाराजांच्या लक्षात आणून दिली. विचारणा झाली आणि उत्तर मिळाले ते असे, की शूद्रांना वेदोक्ताचा अधिकार नाही. संस्थानचा खजिना, न्याय, फौजफाटा, इतकेच काय पुरोहितांची वतनेसुद्धा ज्याच्या हातात होती, त्या राजाला घाटावर त्याचाच आश्रित खालचा ठरवत होता. पुढे वर्षानुवर्षे चाललेले वेदोक्त प्रकरण महाराष्ट्राला ठाऊक आहे. इथे त्याची आठवण काढण्याचे कारण एवढेच, की पैसा, सत्ता आणि मान या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत हे इतके स्वच्छ दाखवणारा दुसरा प्रसंग मला तरी माहीत नाही. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी हाच भेद शास्त्रीय परिभाषेत मांडला. त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. कोल्हापूरकरांना तो भेद त्याआधी वीस-बावीस वर्षे अनुभवाने कळलेला होता.

पैसा मोजता येतो आणि सत्ता कागदावर दाखवता येते, पण मान असतो दुसऱ्याच्या मनात. त्यामुळे विषमतेचा विचार करणाऱ्यांनी बराच काळ त्याला दुय्यम धरले. माणूस शिकला, कमावता झाला, की चार लोक त्याला आपोआप मानू लागतील, असा एक सरळ हिशेब आपल्या सर्वांच्या डोक्यात असतो. आईवडील मुलांना हेच सांगतात आणि सरकारच्या योजनाही याच भरवशावर आखल्या जातात. गेल्या पन्नास-साठ वर्षांतले संशोधन आणि आपला स्वतःचा इतिहास शेजारी ठेवून वाचला, तर क्रम पुष्कळदा उलटा दिसतो. मान आधी दिला जातो, त्या मानामुळे संधी मिळते, संधीतून यश येते आणि मग ते यश आधीच दिलेल्या मानाचा पुरावा म्हणून दाखवले जाते.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सेसिलिया रिजवे यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अध्यक्षीय निबंधात हा मुद्दा ठामपणे मांडला. मान हा पैशाचा किंवा सत्तेचा परिणाम तर असतोच, पण तो विषमतेचे एक स्वतंत्र कारणही आहे, असे त्यांचे म्हणणे. ‘अमुक प्रकारची माणसे तमुक प्रकारच्या माणसांपेक्षा जास्त कर्तबगार’ असा समज समाजात मुरला, की तो तीन ठिकाणी काम करतो. एखाद्याकडून किती अपेक्षा धरायची हे त्यावरून ठरते, कोणाशी संबंध ठेवायचे हे त्यावरून ठरते, आणि खालच्या मानल्या गेलेल्याने पुढे सरकायचा प्रयत्न केला की ‘हा फार बोलतो’ अशी प्रतिक्रियाही त्यातूनच येते. त्यांच्या मांडणीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग असा, की हा समज फक्त वरच्यांच्या मनात नसतो. ज्यांना त्याचा तोटा होतो, तेही ‘जगाची रीत अशी आहे’ म्हणून तो धरून चालतात.

हे सारे प्रत्यक्षात कसे घडते ते पाहायला मुंबईच्या कापडगिरण्यांइतकी चांगली जागा नाही. गिरणी म्हणजे त्या काळातला सर्वांत आधुनिक कारखाना. यंत्राला जात नसते, मालकाला नफा हवा असतो, तेव्हा इथे तरी जुनी उतरंड मोडेल अशी अपेक्षा धरायला हरकत नव्हती. प्रत्यक्षात कापड विणण्याच्या साचेखात्यात दलित कामगारांना घेत नसत. ते मुख्यतः रिंगखात्यात, सूतकताईच्या कामावर असत, आणि साचेखात्यातली मजुरी रिंगखात्यापेक्षा बरीच जास्त होती. या बंदीचे कारण धोट्यात, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या साधनात, होते. धोट्यातली कांडी संपली, की विणकर नवी कांडी बसवी आणि तिच्यावरच्या सुताचे टोक धोट्याच्या बारीक भोकातून तोंडाने ओढून बाहेर काढी. पाळी बदलली, की तोच धोटा दुसऱ्याच्या ओठांना लागे. दलिताच्या ओठांना लागलेला धोटा आम्ही तोंडात धरणार नाही, असे स्पृश्य विणकरांचे म्हणणे होते, आणि गिरण्यांनी ते चालवून घेतले. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उभा केला. कामगारांच्या एकजुटीची भाषा बोलणाऱ्यांनी आधी साचेखात्याचे दार उघडावे, ही त्यांची मागणी होती.

या एका प्रसंगात विषमतेची सगळी यंत्रणा दिसते. मजुरी कमी म्हणून गावी जाणारी मनिऑर्डर लहान, मुलाची शाळा लवकर सुटलेली. साच्यावरचे काम कोणी पुस्तकातून शिकत नसे. मामा किंवा गाववाला साच्यावर असेल, तर त्याच्या शेजारी उभे राहून हात बसे. ज्याला खात्याच्या दारातच अडवले, त्याचा हात बसणार कसा? आणि वीस वर्षांनी ‘या लोकांना विणकाम येत नाही’ हे विधान अगदी खरे ठरे. सुरुवात मानाने झाली, शेवट कौशल्यावर झाला, आणि मधली वीस वर्षे कोणाच्या लक्षात राहिली नाहीत.

गिरणीतली भरती जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाती असे. जॉबर आपल्या गावची, आपल्या नात्यागोत्यातली माणसे लावून घेई. रत्नागिरी, सातारा भागांतून आलेल्या तरुणाला गावच्या खोलीत पथारी टाकायला जागा मिळे, खानावळीत उधारीवर जेवण मिळे आणि ओळखीने बदलीचे काम मिळे. हे जाळे नसते तर ती माणसे शहरात टिकलीच नसती, म्हणून त्याला केवळ वशिलेबाजी म्हणणे अन्यायाचे होईल. पण तेच जाळे पुढच्या पिढीत कसे उलटले, हे दादरमध्ये झालेल्या एका अभ्यासाने दाखवले.

अर्थतज्ज्ञ कैवान मुन्शी आणि मार्क रोझेन्झवाइग यांनी दादरमधल्या शाळांत वीस वर्षांच्या काळात दाखल झालेल्या मुलामुलींची माहिती गोळा केली. कोणत्या जातीच्या घराने मूल कोणत्या माध्यमात घातले आणि पुढे त्याची कमाई काय झाली, असा तो शोध होता. २००६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. १९९० नंतर इंग्रजीतून शिकलेल्यांना कार्यालयीन नोकऱ्यांत मिळणारा मोबदला झपाट्याने वाढला होता. तरीही कामकरी जातींतली मुले मराठी शाळांतच जात राहिली, कारण त्या शाळेतून निघणारी वाट बापाच्या, काकाच्या ओळखीच्या कामगार नोकरीकडे जात होती. ती ओळख म्हणजे त्यांची खरी मिळकत, आणि ती सोडून अनोळखी वाटेला लागणे धोक्याचे होते. त्याच घरांतल्या मुलींचे मात्र वेगळे झाले. कामगारांच्या या जाळ्यात मुलींना पूर्वीपासून जागाच नव्हती, त्यामुळे त्यांना गमावण्यासारखे काही नव्हते. त्या भराभर इंग्रजी माध्यमाकडे वळल्या आणि नव्या अर्थव्यवस्थेचा लाभ भावांच्या आधी त्यांनी घेतला.

मराठी शाळांविषयी बोलताना या अभ्यासाचा सोयीचा अर्थ काढला जाण्याची भीती आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. त्यातून मराठी माध्यम कमी प्रतीचे ठरत नाही. चांगल्या पगाराच्या नोकरीच्या दारावर इंग्रजीचा पहारा बसवला आहे आणि तो पहारा कोणाला सहज ओलांडता येतो हे जन्मावर ठरते, एवढेच त्यातून ठरते. ज्यांच्या घरी दोन पिढ्या इंग्रजी आहे, त्यांच्या मुलांना मराठी शाळेत घालूनही काही बिघडत नाही. गिरणी कामगाराच्या मुलाला तो पर्याय नव्हता. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, बापाची ओळख ज्या दारापाशी चालत होती ते दारच राहिले नाही, आणि त्या मुलांच्या हाती ना जुनी वाट उरली ना नवी.

इथे कोणी म्हणेल, की खासगी क्षेत्रात आता गुणवत्ताच पाहतात. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी हे तपासून पाहिले. इंग्रजी वृत्तपत्रांतल्या खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ६६ आठवड्यांत ४८०८ अर्ज पाठवले. शिक्षण आणि पात्रता सारखीच, फरक फक्त नावाचा. काही नावे सवर्ण हिंदू वाटणारी, काही दलित, काही मुस्लिम. मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश निघाली. हा अभ्यास २००७ मध्ये आला. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या मोठ्या कंपन्यांच्या २५ मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी झालेल्या मुलाखतींवर लेख लिहिला. सर्वांनी एकमुखाने सांगितले, की आम्ही जात बघत नाही. आणि जवळजवळ सर्वांनीच सांगितले, की उमेदवाराची घरची पार्श्वभूमी मात्र पाहतो. वडील काय करतात, भावंडे काय शिकली, बालपण कुठे गेले, यावरून माणूस कळतो, असे त्यांना मनापासून वाटत होते.

घरच्या पार्श्वभूमीचा हा प्रश्न आपल्याकडेही रोज विचारला जातो आणि विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. ‘कुठले तुम्ही?’ मग ‘मूळ गाव कोणते?’, मग ‘वडील काय करायचे?’ तीन प्रश्नांत समोरच्याची पायरी ठरते. शिक्षक, डॉक्टर, बँक अधिकारी अशा घरातल्या उमेदवारासाठी हा प्रश्न म्हणजे गप्पांची सुरुवात असते. ज्याचे वडील नगरपालिकेत झाडूकाम करत होते, त्याच्यासाठी तीच परीक्षा असते. काय सांगावे आणि किती सांगावे याचा विचार करण्यात त्याचे जे क्षण जातात, ते ‘आत्मविश्वास कमी’ या रकान्यात नोंदले जातात.

सगळे पुरावे एकाच दिशेने जातात असे नाही, आणि आढावा घेताना हे सांगायलाच हवे. अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीत असाच अर्ज पाठवण्याचा प्रयोग केला. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत जातीवरून फरक दिसला नाही. कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत मात्र दिसला, विशेषतः इतर मागासवर्गीय नावांच्या बाबतीत. माझ्या मते या दोन निकालांत विरोध नाही. जिथे काम येते की नाही हे सरळ तपासता येते, तिथे मानाला शिरकाव कमी. जिथे बोलण्याची ढब, वागण्यातला सफाईदारपणा अशा गोष्टींवर निवड होते, तिथे मान आपले काम बिनबोभाट करतो. आणि नोकरी जितकी वरची, तितकी निवड दुसऱ्या प्रकारची होत जाते.

बाहेरून होणाऱ्या भेदभावापेक्षा मनाच्या आत चालणारा व्यवहार अधिक अस्वस्थ करणारा आहे. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. ३२१ मुलगे वरच्या जातींचे, ३२१ खालच्या मानलेल्या जातींचे. जात पुकारली नव्हती, तेव्हा दोन्ही गटांची कामगिरी जवळपास सारखी होती. काही सत्रांत मात्र सर्वांसमोर प्रत्येकाचे नाव, गाव, वडिलांचे आणि आजोबांचे नाव आणि जात वाचून दाखवली. तेवढ्यावर खालच्या मानलेल्या जातींतल्या मुलांची कामगिरी ठळकपणे घसरली. मुले तशीच आणि कोडीही त्याच प्रकारची होती. हजेरीच्या वेळी वर्गात मोठ्याने जात वाचणारे शिक्षक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या निष्कर्षाचे नवल वाटणार नाही, रागच येईल.

रेमा हॅना आणि ली लिंडेन यांनी प्रश्न शिक्षकांच्या बाजूने पाहिला. मुलांच्या उत्तरपत्रिकांवर वाटेल तशी जात लिहून त्या तपासायला दिल्या. खालची जात लिहिलेल्या पेपरला सरासरीने थोडे कमी गुण पडले. फरक लहान होता, पण तो मुख्यतः स्वतः खालच्या मानलेल्या जातींतून आलेल्या परीक्षकांनी केला होता. रिजवे यांचे म्हणणे इथे पुन्हा पटते. ज्याने तो समज स्वतःच्या अंगावर झेलला, त्याच्याही लाल पेनात तो उतरतो.

मानाचा परिणाम शरीरावरही होतो. ब्रिटिश सरकारी कर्मचाऱ्यांचा ‘व्हाइटहॉल’ अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. सुमारे १८,००० पुरुष, सगळे लंडनमधले, सगळ्यांची नोकरी पक्की, उपाशी कोणीच नाही. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतल्या शिपाई-पहारेकऱ्यांचा मृत्युदर सर्वांत वरच्या श्रेणीतल्या अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट निघाला. प्रत्येक पायरीवर खालच्याचे आरोग्य वरच्यापेक्षा थोडे वाईट होते, म्हणजे वरून दुसऱ्या पायरीवरचा सुस्थित माणूससुद्धा पहिल्या पायरीवरच्यापेक्षा लवकर मरत होता. धूम्रपान, रक्तदाब वगैरे हिशेबात घेऊनही बराच फरक उरला. मायकेल मार्मट यांनी त्याचे कारण कामावरचे नियंत्रण आणि सततचा ताण यांत शोधले. दुसऱ्याच्या हुकमावर दिवस काढावा लागणे हीच एक झीज आहे, हे त्यांचे म्हणणे आपल्याकडच्या घरकाम करणाऱ्या बाईला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

भारतातला याच प्रकारचा एक निष्कर्ष तर घराच्या आतला आहे. डिआन कॉफी, रीतिका खेरा आणि डीन स्पिअर्स यांनी ग्रामीण एकत्र कुटुंबांतल्या जावांच्या मुलांची उंची पाहिली. घर एक, चूल एक, सासूसासरे तेच. तरी धाकट्या सुनेची मुले सरासरीने थोरल्या सुनेच्या मुलांपेक्षा बुटकी. धाकट्या सुनांचे स्वतःचे वजनही कमी, आणि घरातल्या निर्णयांत त्यांना बोलायला वाव कमी. सर्वांचे झाल्यावर जेवायचे आणि उरेल ते जेवायचे, ही रीत सांगताना आपण तिला वळण म्हणतो. तिचा हिशेब पुढच्या पिढीच्या हाडांत निघतो. विषमतेच्या चर्चेत कुटुंब हा एक आकडा धरला जातो, तिथे या अभ्यासाने मोठे भोक पाडले.

एकदा मिळालेला मान आणखी मान ओढून आणतो, याविषयी फार विस्तार करण्याची गरज नाही. रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये विज्ञानाच्या क्षेत्राविषयी हे लिहिले. हॅरिएट झुकरमन यांनी घेतलेल्या नोबेलविजेत्यांच्या मुलाखतींतून त्यांना दिसले, की दोन शास्त्रज्ञांनी सारखेच काम केले तरी श्रेय आधीच नाव असलेल्याच्या पदरात पडते. नेदरलँड्समधल्या तरुण संशोधकांच्या अनुदानांवरचा २०१८ चा अभ्यास त्याहून नेमका आहे. निवडीच्या रेषेच्या जेमतेम वर राहिलेल्यांना पुढच्या आठ वर्षांत, जेमतेम खाली राहिलेल्यांच्या दुपटीहून अधिक निधी मिळाला. दोघांच्या गुणवत्तेत सांगण्यासारखा फरक नव्हता. या फरकाचे एक कारण असे, की जे हुकले त्यांनी पुढे अर्ज करणेच कमी केले. स्पर्धा परीक्षांच्या तयारीत पुण्यातल्या अभ्यासिकांत वर्षे घालवलेल्या मुलांकडे पाहताना ही गोष्ट मनात ठेवायला हवी. एक-दोन गुणांनी हुकलेल्या मुलाचे पुढे काय होते, हे त्या एक-दोन गुणांवर ठरत नाही. घरून आणखी दोन वर्षे पैसे येणार आहेत का आणि ‘पुन्हा बस’ म्हणणारे कोणी आहे का, यावर ठरते.

मग गुणवत्तेचे काय? १९५८ मध्ये मायकेल यंग यांनी गुणवत्तेच्या राज्याची कल्पना मांडली ती इशारा म्हणून. वर गेलेल्यांना आपण लायकीनेच वर गेलो असे वाटेल आणि खाली राहिलेल्यांना आपण नालायकच असे वाटेल, ही त्यांची भीती होती. लोकांनी तीच कल्पना आदर्श म्हणून उचलली, याची खंत त्यांनी २००१ मध्ये जाहीरपणे लिहिली. भारतात सतीश देशपांडे यांनी २०१३ मध्ये खुल्या प्रवर्गाचा इतिहास मांडताना दाखवले, की वरच्या जातींनी आपले जुने भांडवल, म्हणजे जमीन, साक्षरता, ओळखी, हे पदव्या आणि नोकऱ्यांत बदलून घेतले आणि मग जात मागे टाकल्याचे जाहीर केले. ज्यांचे भांडवल अजून बदलून व्हायचे होते, त्यांच्यापाशी मात्र जातीचा दाखला राहिला. अजंता सुब्रमण्यन यांचा मद्रास आयआयटीवरचा २०१९ चा ग्रंथ हेच एका संस्थेच्या इतिहासातून सांगतो. कोल्हापुरात हे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आकड्यांतच दिसत होते. शाहू महाराजांनी १८९४ मध्ये कारभार हाती घेतला तेव्हा सर्वसाधारण प्रशासनातल्या ७१ पदांपैकी ६० पदांवर ब्राह्मण अधिकारी होते. तेव्हाही त्याचे कारण गुणवत्ता असेच सांगितले जाई.

पदवीने मान मिळतोच असेही नाही. कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेले आंबेडकर १९१७ मध्ये बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना शहरात राहायला घर मिळाले नाही. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. मुंबईत परतून त्यांनी गुंतवणुकीच्या सल्ल्याचा व्यवसाय सुरू केला, तर जात कळल्यावर ग्राहक फिरकेनासे झाले. त्या काळातल्या भारतात त्यांच्याइतके अर्थशास्त्र शिकलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. हा प्रश्न समुद्रापलीकडेही गेला आहे. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराला फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून होणाऱ्या भेदभावाला बंदी घालणारा कायदा करावा लागला.

हे बदलते का? बदलते, आणि कसे बदलते याचे सर्वांत जुने उत्तर पुन्हा कोल्हापुरातच आहे. २६ जुलै १९०२ च्या आदेशाने शाहू महाराजांनी संस्थानच्या रिक्त होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांसाठी राखल्या, हे सर्वांना माहीत असते. गंगाराम कांबळे यांची गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून मार खाल्लेल्या या माणसाला महाराजांनी चहाचे हॉटेल काढायला मदत केली. पण दलिताच्या हॉटेलात चहा पिणार कोण? तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा घेत आणि सोबतच्या सरदार-मानकऱ्यांनाही पाजत. नुसते भांडवल देऊन धंदा चालणार नाही, गिऱ्हाइकाच्या मनातला मान बदलायला हवा आणि तो चारचौघांत बदलायला हवा, हे या राजाने ओळखले होते. ज्याला स्वतःला मानाच्या उतरंडीचा चटका बसला होता, त्याने आपला मान दुसऱ्याला उसना दिला.

आधुनिक अभ्यासांतही तेच सापडते. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांसाठी जागा राखल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये त्यांचे प्रमाण ५० टक्क्यांवर नेले. ‘सरपंच बाई, कारभार नवऱ्याचा’ ही तक्रार खरी आहे, पण तेवढेच खरे नाही. पश्चिम बंगालमध्ये लोरी बीमन, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी पाहिले, की पहिल्यांदा स्त्री प्रधान (सरपंच) आली तेव्हा तिने काम चांगले करूनही लोकांनी तिला कमी लेखले. तीच जागा दुसऱ्यांदा राखीव झाली, तेव्हा हा आकस ओसरला. त्या गावांतल्या मुलींविषयीच्या पालकांच्या अपेक्षा वाढल्या आणि मुलगे-मुली यांच्या शिक्षणातली दरी बुजली. म्हणजे मान बदलतो, पण एका फेरीत नाही. दर पाच वर्षांनी आरक्षण फिरवणाऱ्या आपल्या पद्धतीने या गोष्टीचा नीट विचार करायला हवा.

मुले एकत्र वाढली तर काय होते, याचा पुरावा दिल्लीच्या महागड्या खासगी शाळांतून आला. गौतम राव यांना दिसले, की गरीब घरांतली मुले वर्गात आल्यावर श्रीमंत मुले अधिक उदार झाली आणि गरीब मुलाला खेळात सोबत घ्यायला कचरेनाशी झाली, अभ्यासात मात्र फारसा फरक पडला नाही. उत्तर प्रदेशात मॅट लो यांनी १२६१ तरुणांना घेऊन क्रिकेटचे सामने भरवले आणि जातींची सरमिसळ दोन प्रकारे केली. जे एका संघात खेळले त्यांच्यात जातीपलीकडची मैत्री वाढली. जे समोरासमोर उभे राहिले त्यांच्यात ती उलट कमी झाली. नुसते जवळ आणून भागत नाही, कोणत्या नात्याने जवळ आणले यावर सारे अवलंबून आहे.

शिक्षण हक्क कायद्यातली वंचित घटकांतल्या मुलांसाठीची खासगी शाळांमधल्या २५ टक्के जागांची तरतूद याच विचारावर उभी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने अधिसूचना काढून, ज्यांच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे त्या विनाअनुदानित शाळांना या तरतुदीतून वगळले. शहरांत बहुतेक चांगल्या शाळा अशाच अंतरात येतात, म्हणजे तरतूद नावापुरती उरली असती. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. जागा वाचल्या, ही मोठी गोष्ट आहे. पण प्रवेश मिळालेल्या मुलाला कोणत्या तुकडीत बसवतात, सहलीचे पैसे नसले तर त्याचे काय करतात, आंतरशालेय संघात घेतात की नाही, स्नेहसंमेलनात त्याला रंगमंचावर उभे करतात की पडदा ओढायला ठेवतात, हे त्या निकालात येऊ शकत नव्हते. शाळांची तपासणी करणारे अधिकारी पटसंख्या आणि स्वच्छतागृहे मोजतात. त्यांच्या तपासणीच्या तक्त्यात हे प्रश्नही असायला हवेत, आणि त्यांची उत्तरे मुख्याध्यापकांकडून नव्हे, त्या मुलांच्या घरी जाऊन घ्यायला हवीत.